स्लॅबची खोली, वहिनींचा आवाज आणि आबांची पेटी

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी वहिनींचा फोन आला. "भावोजी, सवडीनं एकदा घरी या. भिंतीवरचा फोम खाली पडलाय."

मला वाटलं, एखादा तुकडा निखळला असेल. जाऊन पाहिलं तर निम्मी भिंत जमिनीवर आली होती. काळ्या फोमचे चौकोन उलटे पडलेले, प्रत्येकाच्या पाठीला पांढऱ्या रंगाचे आणि पुट्टीचे पापुद्रे चिकटलेले. भिंतीवर जिथे जिथे चौकोन होता, तिथे त्याच मापाची करडी बुरशी. बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखी. खोलीत भिजलेल्या गोणपाटाचा वास.

मी कुडाळात साउंडचं काम करतो. भजनाच्या डबलबाऱ्या, दशावतार, लग्नं आणि अधूनमधून घरगुती रेकॉर्डिंगच्या खोल्या. असल्या खोल्या आता गावोगाव निघायला लागल्यात आणि बहुतेकांची चूक एकाच जागी होते. ही खोली मात्र मला बरंच शिकवून गेली, शिवाय इथे एक चूक माझीही झाली. म्हणून सविस्तर लिहितोय.

घर आणि माणसं

घर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, एका वाडीत. पुढे जुनं चिरेबंदी कौलारू घर: खळं, पडवी, माजघर. मागच्या अंगाला आठ-दहा वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची एक खोली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्लॅबवर पत्र्याची शेड, कारण पावसात नुसता स्लॅब गळतो. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच. चिऱ्याच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, खाली लादी, एका बाजूला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. सामान म्हणजे एक लोखंडी कपाट, एक खाट आणि सनमायका लावलेलं टेबल.

घरधनी माझा शाळेतला दोस्त, तो मुंबईला असतो. वहिनी इथल्या पतसंस्थेत काम करतात आणि संध्याकाळनंतर ऑडिओबुकं वाचतात. त्यांचा आवाज खरोखर चांगला आहे, शब्द सुटे आणि स्वच्छ. पण पाठवलेले नमुने दोनदा परत आले होते. शेरा दोन्ही वेळा तोच, 'खोली ऐकू येते.'

सासरे म्हणजे आबा, भजनी बुवा. वय सत्तरीच्या पुढे, तरी पेटीवर बोटं अजून धावतात. त्यांचीही मागणी होती. आठवड्यातून एकदा पखवाजवाला आणि दोन झांजवाले येतात, तेव्हा त्यांचंही नीट रेकॉर्डिंग व्हावं, आणि तेही याच खोलीत.

बोलण्याला कोरडी खोली लागते. भजनाला थोडी गुंज लागते, ती नसेल तर गाणारा ताण देऊन गातो आणि अर्ध्या तासात घसा बसवून घेतो. एकाच खोलीत दोन्ही बसवायचं, आणि खर्च 12,000 रुपयांच्या आत. कारण आधी ऑनलाइन मागवलेल्या फोमवर 6,400 गेलेच होते.

फोमनं काय केलं

त्या फोमबद्दल आधी बोलायला हवं, कारण दर दुसऱ्या घरात तोच दिसतो.

एक इंच जाडीचे, पिरॅमिडच्या नक्षीचे चौकोन. आवाज शोषणाऱ्या वस्तूचा नियम ढोबळमानाने असा की तिचा जोर भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर सगळ्यात जास्त लागतो. भिंतीला लागून हवेचे कण हलतच नाहीत. ते हलतात भिंतीपासून दूर, आणि हलणाऱ्या कणांनाच तंतूंमध्ये अडवता येतं. आपल्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला 349 मीटरच्या आसपास धरा. एक इंच जर पाव तरंग असेल तर पूर्ण तरंग 10 सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे 3,400 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं). त्याच्या खाली फोमचा जोर कमी कमी होत जातो. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर 200 हर्ट्झच्या आसपास असतो, त्याचा पाव तरंग भरतो 44 सेंटिमीटर. एक इंचाच्या फोमला त्याची गंधवार्ताही नसते.

त्यामुळे वहिनींच्या रेकॉर्डिंगमध्ये 'स', 'श', 'च' यांची धार बोथट झालेली आणि खालचा घुमारा जसाच्या तसा. आवाज मेला, खोली जिवंत राहिली. आबांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "झिला, पयला आवाज घुमा होतो, आता डब्यातसून येता."

दुसरी गोष्ट ओलीची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो. चार महिने भिंत आतून ओली असते आणि तिला श्वास घ्यायला हवा लागते. तिच्यावर गोंदाने फोम चिकटवला की ओल मागे कोंडते. स्वस्त फोममध्ये दमट हवेत हळूहळू विरघळत जाणारा प्रकारही असतो, दोन-तीन पावसाळ्यांत बोट लावलं की भुगा पडतो.

तिसरी गोष्ट दाखवायला मी नखाएवढा तुकडा खळ्यात नेऊन पेटवला. क्षणात भडका, काळा धूर, वितळून टपकणारे थेंब. हा धूर विषारी असतो, त्याच्या जवळ जाऊ नये. आबा पेटी उघडण्याआधी न चुकता अगरबत्ती लावतात, ती नेमकी त्याच भिंतीखाली. त्यानंतर फोम परत लावायचा का, हे कुणी विचारलं नाही.

आधी खोली ठरवली

घरात दुसऱ्या जागा असताना स्लॅबचीच खोली का, हे मी वहिनींना विचारलं. "बंद आहे म्हणून," त्या म्हणाल्या.

मग आम्ही एक तास एवढंच केलं: तोच माइक, तेच पान, तीन जागा. स्लॅबची खोली, माजघर आणि पडवीचा कोपरा. माइकपासूनचं अंतर वीतभर, सगळीकडे सारखं. हेडफोन लावून ऐकल्यावर वहिनी चकित. माजघरातला आवाज सगळ्यात सुंदर होता. ना डबा, ना घुमा, ऐकणाऱ्याच्या शेजारी बसून वाचल्यासारखा.

कारण उघड आहे. माजघरात भाताच्या गोणी, दांडीवर कपडे, कोपऱ्यात अंथरुणांची चळत, वर लाकडी माळा. आणि कौलांच्या फटीतून आवाज बाहेर निघून जातो तो परत येत नाही.

इथे सबाइनची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. वॉलेस सबाइन हा हार्वर्डमधला तरुण प्राध्यापक. 1895 साली त्याच्याकडे तिथल्या फॉग म्युझियममधलं एक व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं. तिथे आवाज इतका घुमायचा की शिक्षकाचं बोलणं कळत नसे. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. आजही वापरतात ते सूत्र त्यातूनच आलं. त्यानं शोषणाचं माप धरलं होतं उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक माप. आपलं कौलारू छप्पर म्हणजे विखुरलेली उघडी खिडकीच. आबांना हे फार आवडलं. गाद्या उचलून नेणारा प्राध्यापक त्यांनी नंतर दोन भजनाच्या बैठकीत खपवला.

पण खिडकी दोन्हीकडून उघडी असते. माजघरात आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा आत येतो: कोंबडा, शेजारचा पंप, देवळातला स्पीकर, रात्री बेडूक. रातकिड्यांचा सूर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास, नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात, तो नंतर काढायला गेलं की शब्दही खरवडले जातात. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या मंचाचा निकष बरेच जण प्रमाण धरतात (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी, जितकं उणे तितकं शांत): वाचनाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलमध्ये आणि मागचा गोंगाट उणे 60 किंवा त्याहून खाली. माजघरात भर दुपारी, सगळं शांत वाटत असतानाही, तो उणे 44 भरला. स्लॅबच्या खोलीत पंखा बंद करून उणे 52.

घुमणारी खोली थोड्या पैशांत कोरडी करता येते. गोंगाट आत येणारी खोली थोड्या पैशांत शांत करता येत नाही. त्याला वजनदार भिंती आणि हवाबंद दारं लागतात, आणि कौलांना हवाबंद कोण करणार? म्हणून खोली स्लॅबचीच ठरली. वहिनींचा अंदाज बरोबर होता, त्यांनी फक्त औषध चुकीचं घेतलं होतं.

हिशेब

फुगा फोडून त्यांच्याच माइकवर रेकॉर्डिंग घेतलं आणि रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. 500 हर्ट्झला घुमारा 1.1 सेकंद. म्हणजे आवाज 60 डेसिबलने उतरायला तेवढा वेळ.

आता सबाइनचं सूत्र: घुमाऱ्याचा वेळ बरोबर 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. खोली 34 घनमीटर. 1.1 सेकंदावरून उलटं गेलं की शोषण निघतं 5 चौरस मीटर, म्हणजे खाट, कपडे, माणसं, दार-खिडकी सगळं मिळून एवढंच. गिलाव्याची भिंत आणि लादी तर शंभरातले दोन-तीन भाग जेमतेम खातात. बोलण्यासाठी मला साडेतीन दशांश सेकंदाच्या आसपास हवं होतं. त्यासाठी लागतं साडेपंधरा चौरस मीटर. वाढवायचं साधारण साडेदहा.

हा आकडा हातात आला की दुकानात फसवणूक होत नाही. '50 चौरस फूट कव्हर होईल' असं कुणी म्हटलं तर विचारायचं, किती हर्ट्झला?

खोलीची एक जन्मखोड मात्र पैशानं जाणार नव्हती. रुंदी आणि उंची दोन्ही 10 फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सुरांवर आवाज फुगतो, त्याला मी घुमा म्हणतो. या दोन्ही दिशांचे घुमे एकाच सुरावर पडतात, 57 हर्ट्झला आणि मग त्याच्या पटीत 114, 172. वहिनींना 57 शी घेणंदेणं नाही. पण 172 त्यांच्या आवाजाला खालून चाटतो आणि 57 तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचं माहेरघर. घर बांधताना उंची एक फूट कमी-जास्त ठेवली असती तर फरक पडला असता. पण खोली बांधताना त्या घरात रेकॉर्डिंगचा विचार कुणाच्या मनात असणार?

काय घ्यायचं

आबांच्या पुतण्यानं अंड्यांचे ट्रे सुचवले. पोल्ट्रीवाला फुकट देतो. पातळ पुठ्ठा आहे तो, वरच्या पट्ट्यात थोडं काही करतो, खाली काहीच नाही. आणि कोकणात भिंतीवर पुठ्ठा लावणं म्हणजे वाळवीला आमंत्रण आणि पालींना चाळ बांधून देणं. थर्माकोल त्याहून निरुपयोगी, त्याच्या आत हवा शिरतच नाही, आणि पेटतोही.

काथ्यावर माझा जीव होता. वेंगुर्ल्याच्या भागात काथ्याचं काम बायका वर्षानुवर्षं करतात, माल दारात मिळतो, ओलीला इतर तंतूंपेक्षा जास्त टिकतो. रबर लावलेल्या काथ्याचा दोन इंची पट्टा आणून लावून पाहिला. काम करतो, नाही असं नाही, पण त्याचे तंतू जाड आणि विणीत पोकळी जास्त, आवाज आरपार निघून जातो. चार-सहा इंच जाडी केली तर मधले सूर बरे धरतो. तेवढ्या जाडीला किंमत आणि वजन दोन्ही चढतं. नाइलाजानं सोडला. तो पट्टा आता खाटेवर आहे आणि आबा त्यावर दुपारची झोप काढतात.

शेवटी रॉकवूल. दगड वितळवून काढलेली लोकर. कुजत नाही, वाळवी खात नाही, हजार अंशांपर्यंत वितळत नाही. कुडाळात कुणाकडे नव्हतं, कोल्हापूरहून मागवलं, कारखान्यांच्या पाइपांना लावतात तेच. घनमीटरला 48 किलो घनतेचे, दोन इंच जाडीचे, एक मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद असे 16 तुकडे. 'अॅकॉस्टिक पॅनल' म्हणून हीच वस्तू कापड चढवून घेतली तर कितीतरी पट पैसे पडतात. कापताना तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे. सुतारानं हातमोजे घातले नाहीत आणि दोन दिवस खाजवत बसला.

उरलेला अर्धा माल घरातच होता. वाकळी. जुन्या नऊवारी पातळांच्या, चार-पाच थर शिवलेल्या. आणि एक कापसाची जुनी गादी, पिंजायला द्यायची म्हणून दोन वर्षं माळ्यावर पडलेली.

कसं लावलं

बारा तुकड्यांच्या सहा चौकटी केल्या, प्रत्येकीत दोन थर, म्हणजे चार इंच. लाकूड गावच्या वखारीतलं अकेशिया. मागे चार इंच मोकळी जागा. या जागेचं मोल फार: चार इंच माल आणि चार इंच हवा मिळून आठ इंच होतात, पाव तरंगाच्या हिशेबानं जोर 430 हर्ट्झपर्यंत खाली येतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंत बऱ्यापैकी टिकतो. फुकटात. आणि आपल्याकडे याच चार इंचांतून हवा खेळते, भिंत सुकते. कोरड्या मुलखात ही फट आवाजासाठी ठेवतात. इथे ती आवाजासाठी नको असती तरी ठेवावीच लागली असती.

चिऱ्यात स्क्रू नीट धरत नाही, भुगा होतो. म्हणून भिंतीत कुठेही भोकं न पाडता फक्त लिंटेलच्या काँक्रीटमध्ये एक आडवी लाकडी पट्टी ठोकली आणि चौकटी साखळीनं तिला टांगल्या. मागे लाकडाचे ठोकळे ठेवले की फट आपोआप राहते. पावसाळ्यात उतरवून उन्हात ठेवता येतात, हा सगळ्यात मोठा फायदा.

आता जागा. वहिनी आधी भिंतीकडे तोंड करून बसायच्या, माइकच्या मागे फोम आणि त्यांच्या पाठीशी उघडी खोली. बहुतेक जण असंच बसतात, कारण आपण भिंतीकडे तोंड करून बोलतो म्हणजे आवाज त्या भिंतीवर आदळतो असं वाटतं. आदळतोही. पण त्यांचा माइक कार्डिऑइड, तो पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. त्याचं तोंड वहिनींकडे, म्हणजे त्याला वहिनी ऐकू येतात आणि वहिनींच्या पाठीमागचं सगळं ऐकू येतं. उपचार पाठीशी हवा होता.

म्हणून त्यांना फिरवलं. पाठीशी खोलीचा कोपरा, त्या कोपऱ्यात तिरपी उभी केलेली कापसाची गादी, तिच्या दोन्ही अंगांना भिंतीपासून वीतभर पुढे तारेवर सोडलेल्या वाकळी, पडद्यासारख्या चुण्या पाडून. डाव्या-उजव्या भिंतीला दोन-दोन चौकटी, डोक्याच्या वर पंख्याच्या हुकाशेजारी दोन टांगलेल्या. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावरून दीड फूट बाजूला, कारण मध्यावर 114 चा घुमा सगळ्यात जोरात.

एवढं करूनही पहिल्या दिवशी आवाजात काहीतरी पोकळ होतं. चौकटी हलवल्या, वाकळी हलवल्या, जात नव्हतं. संध्याकाळी लक्षात आलं: टेबल! तोंड टेबलापासून 40 सेंटिमीटर वर, माइक 30 वर, दोघांत 20 चं अंतर. सरळ आवाज 20 सेंटिमीटर जातो, सनमायक्यावर आपटून येणारा 72. फरक 52 सेंटिमीटर, आणि एवढ्या फरकाला दोन्ही लाटा 335 हर्ट्झच्या आसपास एकमेकींना कापतात. परतणारा आवाज क्षीण असतो, खड्डा फार खोल पडत नाही, पण कानाला सलतो. टेबलावर वाकळीची चौपदरी घडी टाकली, वहिनी ज्यावरून वाचतात तो टॅब थोडा तिरपा उभा केला. पोकळपणा गेला. या दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये, आणि मला ती सुचायला सगळा दिवस लागला.

उरलेल्या चार तुकड्यांचे दोन उभे पडदे, दोन मीटर उंच, खाली चाकं. एका बाजूला रॉकवूल, दुसऱ्या बाजूला अकेशियाच्या फळ्या. वहिनी वाचतात तेव्हा लोकरीची बाजू आत. आबांची मंडळी आली की पडदे फिरवून फळ्या आत करायच्या, वाकळी तारेवरून एका बाजूला सारायच्या. आबांनी पहिल्यांदा पेटी धरली, एक आलाप घेतला, मग म्हणाले, "ह्यां बरा. ह्यां माका परत देता." फळीवरून परतणारा आवाज त्यांना म्हणायचा होता.

माझी चूक

चौकटींवर कापड घालताना दोन चौकटींना मी किंतान लावलं. स्वस्त, दिसायला छान, आवाज आरपार जाऊ देतं. यंदाच्या जुलैत वहिनींचा फोन, "भावोजी, गोठ्यासारखा वास येतोय." किंतानावर पांढरी बुरशी. आतली लोकर कोरडी ठणठणीत, कापड मात्र गेलं. चार महिने ओल पिणाऱ्या हवेत ताग टिकणार नाही, हे गोणपाट वापरणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये. मीच विसरलो. आता तिथे मांजरपाट आहे, बाकीच्या चौकटींसारखा धुवून घातलेला, आणि खिळ्यांऐवजी नाडीनं बांधलेला, म्हणजे काढून धुता येतो. कापडाची परीक्षा साधी: तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हाताला लागली तर चालतं.

आकडे

रॉकवूल 4,000, त्याचं भाडं 900, लाकूड 2,200, सुताराचे दोन दिवस 2,000, कापड 800, खिडकी-दाराच्या रबराच्या पट्ट्या 600, साखळ्या, चाकं, स्क्रू वगैरे 500. एकूण 11,000. बदललेल्या मांजरपाटाचे पैसे मी घेतले नाहीत.

घुमारा 500 हर्ट्झला 1.1 वरून 0.37 सेकंदावर आला. 125 ला 1.3 होता तो 0.8. म्हणजे खाली अजून गुंज आहे आणि ती राहणार. वहिनींच्या रेकॉर्डिंगला 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की तिचा बराचसा त्रास जातो. पखवाजाला राहतो. त्यासाठी पखवाजवाल्याला भिंतीपासून काढून खोलीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर बसवतो आणि माइक डाव्या पुडीपासून थोडा सरकवतो. पूर्ण समाधान नाही. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड थर लागेल, आणि तिथे कपाट आहे. कपाट हलवायचं नाही असं आबांचं म्हणणं.

दार-खिडकीच्या फटींना रबर लावल्यावर कोरड्या रात्री, पंखा आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करून, गोंगाट उणे 62 ला गेला. नमुना पास झाला. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून वहिनी स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय सकाळी पतसंस्थेत जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज उघडावाच लागतो.

पावसाचं काही करता आलं नाही. पत्र्यावर सर आली की गोंगाट उणे 38 वर चढतो. वाकळी, लोकर, गादी यातलं काहीही त्याला अडवत नाही, कारण ह्या सगळ्या वस्तू आतला आवाज खातात, बाहेरच्याला वाट बंद करत नाहीत. पत्र्याखाली वजनदार थर घालायचा तर खर्च खोलीच्या सगळ्या उपचाराच्या वर जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर वहिनी उघडीप बघून वाचतात, एक प्रकरण कधी तीन रात्रींत पुरं होतं. मे महिन्यात पंखा बंद करून वाचायचं म्हणजे दर वीस मिनिटांनी दार उघडून घाम पुसायचा. ते त्यांनी मान्य केलंय.

दिवाळीनंतर खिडकीला आतून दुसरी काच बसवायची आहे, पहिलीपासून चार इंच अंतरावर, काढता येईल अशी. काचवाल्यानं माप नेलंय. कपाटाचा विषय मी तेव्हाच आबांकडे पुन्हा काढणार आहे.